विश्लेषण : घरातली यंत्रे खरेच वेळ वाचवतात का?

ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या घरांत कुकर, मिक्सर, वॉशिंग मशीन यांचे आता कुणाला अप्रूप राहिलेले नाही. त्यांच्या जोडीला दोरी ओढून कांदा चिरणारा चॉपर, कणीक मळणारे यंत्र, आपोआप केर काढणारा रोबो, भांडी घासणारे यंत्र अशी नवी फौज ऑनलाइन सेलमधून घरात येत आहे. प्रत्येकाच्या खोक्यावर आश्वासन एकच : वेळ वाचेल. त्यातल्या काही वस्तू रोज वापरात राहतात, काही महिनाभरात माळ्यावर जातात. असे का होते आणि खरेदीपूर्वी हिशेब कसा करायचा, याविषयी.

घरकामाला रोज किती वेळ लागतो?

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये पहिल्यांदा देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. माणसे दिवसाचे २४ तास कशात घालवतात, याची ती नोंद होती. स्वयंपाक, धुणे, भांडी, साफसफाई अशी घरातली बिनपगारी कामे पाहणीच्या दिवशी ८१.२ टक्के महिलांनी केली होती. पुरुषांमध्ये हे प्रमाण २६.१ टक्के होते. ही कामे करणाऱ्या महिलांचा सरासरी वेळ होता दिवसाला २९९ मिनिटे, तर पुरुषांचा ९७ मिनिटे. लहान मुले आणि आजारी माणसे यांची देखभाल त्यात धरलेली नाही.

दुसरी पाहणी २०२४ मध्ये झाली. तिच्यात महिलांचा वेळ २८९ मिनिटे आणि पुरुषांचा ८८ मिनिटे निघाला. म्हणजे पाच वर्षांत महिलांचा वेळ कमी झाला तो दिवसाला दहा मिनिटांनी. याच काळात घरोघरी उपकरणे वाढत होती. तरीही पावणेपाच तासांहून अधिक काम शिल्लकच आहे.

ठाणे-डोंबिवलीत प्रश्न अधिक टोकदार का?

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ठाणे सुमारे ३४ किलोमीटरवर, डोंबिवली ४८ किलोमीटरच्या आसपास आणि कल्याण त्याच्याही पुढे आहे. डोंबिवलीहून दक्षिण मुंबईत नोकरीला जाणाऱ्याचा लोकलमध्येच तासाभराहून अधिक वेळ जातो. घरापासून स्टेशनपर्यंतची रिक्षा, फलाटावरची गर्दी आणि उतरल्यावरची पायपीट धरली, तर जाण्या-येण्यात तीन तास सहज जातात.

त्यामुळे इथल्या घरात वेळेची टंचाई दिवसभर सारखी नसते. खरी ओढाताण होते ती सकाळी उठल्यापासून ठरलेली लोकल पकडेपर्यंतच्या दीड-दोन तासांत. डबे, नाश्ता, मुलांची शाळा, पाणी भरणे हे सगळे त्याच वेळेत येते. इथे दहा मिनिटे चुकली की गाडी चुकते आणि पुढच्या गाडीत चढायला मिळेल याची खात्री नसते. महिलांच्या डब्यात मेथी निवडणारे, मटार सोलणारे हात दिसतात ते याच हिशेबातून. संध्याकाळच्या स्वयंपाकातली वीस मिनिटे प्रवासातच उरकून घेतली जातात. या प्रवाशांना कोणतेही यंत्र न घेता सापडलेला उपाय हा की, अडचणीच्या वेळेतले काम उचलायचे आणि रिकाम्या वेळेत टाकायचे.

घरातली वस्तू निवडतानाही हाच निकष लावायला हवा. ती एकूण किती मिनिटे वाचवते याइतकेच ती कोणत्या वेळेतली मिनिटे वाचवते, हे महत्त्वाचे आहे.

कुकर आणि मिक्सर का टिकले?

दाबाखाली अन्न शिजवण्याची कल्पना फ्रेंच शास्त्रज्ञ डेनिस पापिन यांनी १६७९ मध्ये मांडली. भारतात कुकर घरोघरी पोहोचला तो स्वातंत्र्यानंतर. या कहाणीत ठाण्याचाही वाटा आहे. १९५९ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या हॉकिन्स कंपनीचा एक कारखाना ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आहे.

कुकरचे तत्त्व साधे आहे. उघड्या भांड्यात पाणी १०० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते आणि त्यापुढे तापत नाही. झाकण घट्ट बसवून वाफ कोंडली की दाब वाढतो आणि पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते. या वाढीव वीस अंशांमुळे डाळ, कडधान्ये कितीतरी लवकर शिजतात. शिवाय एकावर एक भांडी ठेवून वरण, भात, बटाटे एकाच वेळी होतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कुकर लावला की त्याच्यापाशी उभे राहून ढवळत बसावे लागत नाही.

मिक्सरचे यश वेगळ्या कारणाने आले. परदेशी बनावटीचे मिक्सर आपली सुकी मिरची, भिजवलेली डाळ, ओले खोबरे वाटताना तग धरत नसत. मुंबईतील अभियंता सत्यप्रकाश माथुर यांनी १९६० च्या दशकात भारतीय वाटणाला पुरी पडेल अशी मोटर आणि भांडी यांची जुळणी केली. त्यातून ‘सुमीत’ मिक्सर आला. पाट्यावर अर्धा तास चालणारे वाटण पाच मिनिटांवर आले.

ही दोन्ही यंत्रे रोजच्या, हमखास करावयाच्या कामावर बेतलेली होती. म्हणूनच ती ओट्यावर राहिली आणि कधीमधी लागणारी यंत्रे माळ्यावर गेली.

मग काम कमी का झाले नाही?

हा प्रश्न अमेरिकेत पन्नास वर्षांपूर्वी विचारला गेला. जोॲन व्हॅनेक यांनी १९७४ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात जुन्या नोंदींची तुलना मांडली. नोकरी न करणाऱ्या गृहिणी १९२४ मध्ये आठवड्याला सुमारे ५२ तास घरकाम करत होत्या. १९६० च्या दशकात हा आकडा ५५ तास होता. मधल्या काळात नळ, वीज, फ्रीज, धुलाई यंत्र असे सगळे घरात आले होते, तरी तास घटले नव्हते.

इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ मधल्या पुस्तकात त्याची कारणे उलगडली. यंत्रे आल्यावर पुरुष, मुले आणि नोकरमाणसे जी कामे करत ती बहुतांशी संपली; बाईच्या वाट्याची कामे मात्र राहिली. शिवाय अपेक्षा वाढल्या. कपडे धुणे सोपे झाले म्हणून ते अधिक वेळा धुतले जाऊ लागले.

आपल्याकडेही हे दिसते. मशीन आले की एकदा घातलेला शर्टही धुण्यात पडतो. मग तो वाळत घालणे, घडी करणे, इस्त्रीला देणे ही कामे वाढतात आणि ती मशीन करत नाही. मिक्सर आहे म्हणून रोज ताज्या चटणीची फर्माईश होते. म्हणजे वाचलेला वेळ त्याच स्वयंपाकघरात पुन्हा खर्च होतो.

वेळेचा हिशेब कसा मांडायचा?

जाहिरातीत दाखवतात ती फक्त यंत्र चालण्याची मिनिटे. घरातला हिशेब मात्र वस्तू कपाटातून काढण्यापासून ती धुऊन, पुसून जागेवर ठेवेपर्यंतचा असतो.

समजा, चार माणसांची भाजी विळीवर किंवा सुरीने चिरायला १२ मिनिटे लागतात. दोरीच्या चॉपरमध्ये चिरणे एका मिनिटात होते. पण सोलणे आणि मोठे तुकडे करणे हातानेच करावे लागते, त्याला चार मिनिटे. पाते, झाकण, भांडे धुण्याला तीन मिनिटे. एकूण आठ झाली, म्हणजे वाचली चार. पोह्यांसाठी एकच कांदा चिरायचा असेल तर एकही मिनिट वाचत नाही. उलट आठवड्याच्या ग्रेव्हीसाठी किलोभर कांदा चिरायचा असेल, तर हाच चॉपर कामाचा ठरतो.

पैशांचा हिशेबही असाच करता येतो. सहा हजार रुपयांची वस्तू आठवड्यातून पाच दिवस रोज दहा मिनिटे वाचवत असेल, तर वर्षाला साधारण ४३ तास आणि पाच वर्षांत २०० हून अधिक तास वाचतात. म्हणजे वाचलेला तास ३० रुपयांच्या आत पडतो. तीच वस्तू आठवड्यातून एकदाच निघत असेल, तर पाच वर्षांत ४३ तास वाचतात आणि तास सुमारे १४० रुपयांना पडतो. वीज आणि दुरुस्ती वेगळी.

कोणत्या वस्तू खरोखर उपयोगी?

कामाच्या पद्धतीनुसार या वस्तूंचे तीन गट पडतात.

पहिला गट माणूस जवळ नसतानाही चालणाऱ्या यंत्रांचा. वॉशिंग मशीन, भांडी घासणारे यंत्र, आपोआप बंद होणारा भाताचा इलेक्ट्रिक कुकर, घरघंटी ही त्यातली. यंत्राला दीड तास लागला तरी माणसाची पाच-दहा मिनिटेच जातात. रात्री भांडी लावून सकाळी काढता येतात. सकाळच्या घाईवर सर्वाधिक परिणाम होतो तो याच गटाचा.

दुसरा गट हाताचा वेग वाढवणाऱ्या साधनांचा. चांगली धार असलेली सुरी, सोलाणे, किसणी, हँडल फिरवून नारळ खोवण्याची खवणी, चॉपर इथे येतात. यांत सर्वांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे धार. बोथट सुरीने वेळही जातो आणि बोटही कापते. शंभर-दोनशे रुपयांत धार लावण्याचे साधन मिळते आणि त्याचा उपयोग रोज होतो.

तिसरा गट काम पुढे-मागे सरकवणाऱ्या वस्तूंचा. फ्रीज, फ्रीझर, घट्ट झाकणाचे डबे आणि बर्फाचा ट्रे. रविवारी ओले खोबरे, आले-लसूण, कांद्याचे वाटण करून ट्रेमध्ये गोठवले की आठवडाभर एकेक वडी काढून वापरता येते. रात्री भिजत घातलेले हरभरे, राजमा सकाळी लवकर शिजतात. रात्री मळून डब्यात ठेवलेली कणीक सकाळी वापरता येते. ती थोडी काळपट दिसते, म्हणून एका दिवसापलीकडे ठेवू नये.

लादी पुसण्याच्या दांड्याच्या मॉपसारख्या वस्तू वेळ फारसा वाचवत नाहीत. पण वाकावे लागत नसल्याने कंबर आणि गुडघे वाचतात. तोही फायदाच आहे, फक्त तो मिनिटांत मोजू नये.

पाणी, वीज आणि जागेचे काय?

दुकानात छान चाललेले यंत्र घरी अडते ते बहुधा पाण्यापाशी. ठाणे महापालिकेला स्वतःच्या योजनेबरोबर स्टेम, एमआयडीसी आणि मुंबई महापालिकेकडूनही पाणी मिळते. जलवाहिन्यांच्या दुरुस्तीसाठी पाणी बंद राहण्याचे दिवस ठाण्यात येतात तसे कल्याण-डोंबिवलीतही येतात. ज्या इमारतींत ठरावीक वेळीच पाणी सोडतात, तिथे पूर्ण स्वयंचलित मशीन मध्येच थांबते. बादलीने पाणी ओतून चालणारे सेमी-ऑटोमॅटिक मशीन अशा घरांत अधिक सोयीचे ठरते.

वरच्या मजल्यावरच्या घरात आणखी एक अडचण येते. बऱ्याच मशीनना किमान ०.३ बार दाब लागतो. गच्चीवरची टाकी नळाच्या साधारण तीन मीटर वर असेल तेव्हा हा दाब मिळतो. टाकीच्या लगेच खालचा मजला असेल, तर खरेदीपूर्वी माहितीपत्रकातला दाबाचा आकडा पाहावा. टँकरचे किंवा कूपनलिकेचे जड पाणी वापरणाऱ्या संकुलांत यंत्रात क्षार साचतात. भांड्यांच्या यंत्रात त्यासाठी वेगळे मीठ घालावे लागते. हा खर्च विकत घेताना कुणी सांगत नाही.

विजेचा बाऊ मात्र अनेकदा उगाच केला जातो. ७५० वॉटचा मिक्सर सहा मिनिटे चालला तर ०.०७५ युनिट वीज जाते. २००० वॉटची इंडक्शन शेगडी पूर्ण ताकदीने अर्धा तास चालली तर एक युनिट. म्हणजे वीज जाते ती उष्णता निर्माण करणाऱ्या उपकरणांत. वॉशिंग मशीनमध्येही मोटरपेक्षा पाणी तापवणारा हीटर अधिक वीज खातो. रोजचे कपडे थंड पाण्यात धुतले तर हा खर्च टळतो. महावितरणचे घरगुती दर वापरानुसार टप्प्याटप्प्याने चढतात. त्यामुळे आधीच वरच्या टप्प्यात असलेल्या घराला वाढीव युनिट महाग पडते.

जागेचाही हिशेब आहे. वन रूम किचनच्या ओट्यावर दोन यंत्रे बसली की पोळ्या लाटायला जागा उरत नाही. माळ्यावर ठेवलेले यंत्र रोज खाली काढले जात नाही. ओट्यावर कायमची जागा देता येत नसेल, तर ती वस्तू रोजची होण्याची शक्यता कमीच.

तयार भाजी आणि पोळी-भाजी केंद्रांचा पर्याय?

या पट्ट्यात यंत्राइतकाच वेळ वाचवतात ती स्टेशनबाहेर मिळणारी निवडलेली-चिरलेली भाजी, सोललेले मटार, खोवलेले खोबरे आणि पोळी-भाजी केंद्रे. घरी परतताना पोळ्या घेतल्या की कणीक मळणे, लाटणे, भाजणे आणि ओटा आवरणे हे सगळेच वाचते. कोणतेही रोटीचे यंत्र एवढे काम वाचवू शकत नाही.

इथे प्रश्न स्वच्छतेचा असतो. चिरलेल्या भाजीचा कापलेला भाग उघडा पडतो, त्यामुळे ती लवकर खराब होते. ती बर्फात किंवा थंड जागी ठेवलेली आहे का, पिशवीत पाणी सुटले आहे का, हे पाहावे आणि त्याच दिवशी शिजवावी. अन्न विकणाऱ्या केंद्राकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ आकडी नोंदणी किंवा परवाना क्रमांक असायला हवा. तो विचारण्यात संकोच नको. घरी भाजी आधी चिरून ठेवायची असेल, तर धुऊन, कोरडी करून, मग चिरून फ्रीजमध्ये ठेवावी. सोललेला लसूण तेलात बुडवून फ्रीजबाहेर ठेवू नये; हवा न मिळणाऱ्या अशा तेलात घातक जिवाणू वाढू शकतात. उरलेला भातही दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जायला हवा.

सुरक्षिततेसाठी काय पाहावे?

घाईतल्या घरात अपघाताची शक्यता अधिक, आणि त्यात कुकर आघाडीवर. घरगुती प्रेशर कुकरवर आयएसआय चिन्ह असणे १ फेब्रुवारी २०२१ पासून बंधनकारक आहे. तरीही चिन्ह नसलेले कुकर ऑनलाइन विकले जात असल्याचे आढळल्याने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये ई-कॉमर्स कंपन्यांवर कारवाई केली होती. स्वस्त म्हणून घेतलेल्या कुकरवर हे चिन्ह नसेल तर तो परत करावा.

कुकरची रबरी गॅस्केट कडक झाली, चिरली की बदलावी. शिट्टीचे छिद्र प्रत्येक वेळी उजेडाकडे धरून मोकळे आहे का ते पाहावे. आत दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये. डाळ, तांदूळ यांना फेस येतो म्हणून ते अर्ध्यापर्यंतच. वाफ जिरण्याआधी झाकण ओढू नये. गाडीची वेळ झाली म्हणून नेमके हेच केले जाते.

इंडक्शन, ओव्हन, पाणी तापवणारी उपकरणे एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावू नयेत. त्यांना अर्थिंग असलेले जाड पिनांचे १६ अँपिअरचे सॉकेट हवे. खरेदीची पावती, वॉरंटी कार्ड आणि खोक्यावरचा मॉडेल क्रमांक यांचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा. जवळ दुरुस्ती केंद्र आहे का, हे विकत घेण्यापूर्वीच पाहिलेले बरे. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

अखेर वेळ कोणाचा वाचतो?

बऱ्याच घरांत धुणीभांडी करायला बाई येतात. अशा घरात भांड्यांचे यंत्र आले तर वाचतो तो घरच्यांचा वेळ नव्हे. बाईंचे काम आणि त्याबरोबर पगारही कमी होण्याचा धोका असतो. घरकाम करणाऱ्यांसाठी राज्यात २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. पण लांब दांड्याचा मॉप, हातमोजे, चांगला घासणीचा ब्रश अशा साध्या वस्तू त्यांच्या हातात देणे, ही प्रत्येक घराने ठरवायची गोष्ट आहे. दुसऱ्यांच्या घरची भांडी घासून परतलेल्या बाईंना स्वतःच्या घरचे कामही चुकत नाही, आणि तिथे बहुधा यंत्र नसते.

पाहणीतले आकडेही हेच सांगतात. घरकाम करणाऱ्या महिलांच्या वेळेत पाच वर्षांत दहा मिनिटांचा फरक पडला. पण महिला आणि पुरुष यांच्या वेळेतले अंतर २०१९ मध्ये २०२ मिनिटे होते, २०२४ मध्ये ते २०१ मिनिटे आहे. यंत्रे आली, अंतर तिथेच राहिले. शिवाय पुरुषांचा हा आकडा फक्त त्या दिवशी घरकाम केलेल्यांचा आहे. बहुसंख्य पुरुष या मोजणीत येतच नाहीत.

म्हणून खरेदीपूर्वीच्या प्रश्नांत आणखी एक जोडायला हवा : ही वस्तू घरात कोण कोण चालवणार? मशीन लावणे, कपडे वाळत घालणे, कुकर लावणे, मिक्सरचे भांडे धुणे ही कामे बटणाची झाली आहेत, ती कुणालाही जमतात. ज्या घरात ती दोघांत वाटली जातात, तिथे यंत्र नवे असो वा जुने, सकाळची गाडी पकडताना धाप लागत नाही. ज्या घरात ती एकाच व्यक्तीकडे राहतात, तिथे सेलमधली पुढची वस्तूही त्या व्यक्तीलाच धुऊन ठेवावी लागते.